मैदानावरून : पिचरचा हात राखा!

दोस्तांनो, सॉफ्टबॉलच्या स्पर्धेत एकाच दिवशी दोन-तीन सामने आले, की सगळा संघ हुकमी पिचरच्याच गळ्यात पडतो. चेंडू तर खालून टाकायचा, मग हात कशाला दुखेल? छे! खांद्यावर ताण येतोच.

जपानच्या युकिको उएनोने २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दोन दिवसांत ४१३ चेंडू टाकून सुवर्णपदक आणलं. तो आकडा तुम्ही मुळीच गिरवू नका! २०२१मधला टोकियोचा अंतिम सामना बघा. सहाव्या डावात मिउ गोतो आली, उएनो बाहेर बसली आणि सातव्यात परतली. सुरुवातीच्या खेळाडूला एकदा परत येता येतं ना!

साखळीतल्या सोप्या सामन्यात दुसरीला चेंडू द्या. खांदा ठणकला, तर सरांपासून लपवायचं नाही. आणि आईबाबा, कडेला बसून 'अजून एकच डाव' म्हणायचं नाही हं!