पुन्हा वाचणार, काय म्हणायचं ते म्हणा

परवा अभ्यासवर्गात एकानं मला सुनावलं, "वाचलेलंच परत काय चघळतोस? विचार घ्यायचा, पुढं जायचं. पुन्हा पुन्हा वाचणं ही पेठेतल्या रसिकांची चैन."

म्हणजे चैन त्यांची न् राबणं आपलं? ज्यांच्या बापजाद्यांना अक्षराला शिवू दिलं नाही, त्यांनी एकदाच वाचायचं, तेही परीक्षेला बसल्यासारखं? आपल्याला हे मंजूर नाही.

सूतगिरणीतली रातपाळी सुटली की मी अण्णा भाऊंची 'फकिरा' काढतो. १९५९ सालची कादंबरी. पहिल्यांदा वाचली तेव्हा नुसता गबऱ्या घोड्यामागं धावलो. दुसऱ्यांदा पगार अडकलेला. लुटलेलं धान्य उपाशी घरांत जातं, तिथंच थांबलो. तिसऱ्यांदा राणोजी खुपला. ज्या गावानं मांगवाडा कडेला टाकला, त्याच गावाच्या जोगणीसाठी हा माणूस जीव देतो! का? अजून भांडतोय मी त्याच्याशी. आणि भांडताना मजा येते, हे कशाला लपवू?

आपल्यातलेच काही म्हणतात, अण्णा भाऊ लाल बावट्याचे, आपल्याला काय त्यांचं? अरे, पुस्तकाची सुरुवात तरी उघडा. अर्पण कुणाला केलंय? बाबासाहेबांच्या लेखणीला. तुमच्या घोषणा पाठ, पुस्तकं बंद.

विचार म्हणजे काय विडी आहे, एकदा ओढली की थोटूक फेकलं?

आणि हो, जयंतीआधी माझी प्रत कुणीतरी नेलीय. त्यानं ती वाचून परत आणावी. दुसऱ्यांदा वाचत असेल तर राहू दे आणखी महिनाभर.