परराष्ट्र धोरणाचे शब्द आणि फराक्क्याचे पाणी

कोलकात्याच्या पूर्वेस वसविलेल्या न्यू टाउनमधील बिश्व बांगला संमेलन केंद्रात जानेवारी 2023 मध्ये जी-20 राष्ट्रांच्या वित्तीय समावेशनविषयक गटाची बैठक भरली. अशा बैठकांतून 'भागीदारी', 'समावेशन', 'राष्ट्रहित' असे भारदस्त शब्द वृत्तपत्रांत येतात आणि वाचक त्यांचा अर्थ न विचारताच पुढे जातो. याच नगराला 2010 साली डाव्या आघाडीच्या सरकारने ज्योती बसूंचे नाव देण्याचे ठरविले होते. 2011 च्या सत्तांतरानंतर ते नाव मागे पडले. (या नगरासाठी राजारहाटच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, हेही आपण सोयीस्करपणे विसरू नये.) परंतु ज्योतीबाबूंचे नाव येथे घ्यावयाचे ते दुसऱ्या कारणाने. वरील शब्दांचा खरा अर्थ ज्या प्रसंगी उघड झाला, त्या 1996 च्या गंगा पाणीवाटप कराराच्या घडणीत त्यांचा मोलाचा वाटा होता.

पहिला शब्द 'राष्ट्रहित'. हुगळीतील गाळ वाहून जावा व कलकत्ता बंदर चालू राहावे म्हणून उभारलेले फराक्का धरण 1975 साली कार्यान्वित झाले. कोरड्या महिन्यांत पाणी हुगळीकडे वळले की खाली बांगलादेशात नद्या आटतात आणि खुलना भागात समुद्राचे खारे पाणी आत शिरते. एका बाजूस बंदरातील गोदी कामगार, दुसऱ्या बाजूस खुलन्याचा शेतकरी! सत्ताधारी मात्र असे बोलतात, जणू साऱ्या राष्ट्राला एकच पोट आहे आणि ते दिल्लीत किंवा ढाक्यात आहे.

दुसरा शब्द 'द्विपक्षीय'. 1976 साली बांगलादेशाने हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नेला, तेव्हा भारताचा आग्रह होता की तो दोघांतच सुटावा. लहान शेजाऱ्याला मोठ्याशी एकट्यानेच बोलावयास लावणारा हा शब्द दिसतो तितका निरागस नाही. तो न्याय्य ठरतो तेव्हाच, जेव्हा मोठा शेजारी स्वतःला आकड्यांनी बांधून घेतो. 12 डिसेंबर 1996 रोजी देवेगौडा व शेख हसीना यांनी सही केलेल्या करारात नेमके तेच झाले. 1 जानेवारी ते 31 मे या काळात दर दहा दिवसांचा हिशेब. फराक्क्याशी प्रवाह 70 हजार क्युसेक वा त्याहून कमी असेल तर निम्मे-निम्मे. 75 हजारांवर गेला तर भारताला 40 हजार व उरलेले बांगलादेशाला. त्याआधी ज्योतीबाबू स्वतः ढाक्याला जाऊन आले होते. राज्याचा मुख्यमंत्री परराष्ट्र धोरणात सहभागी होतो तो कसा, हे त्यावरून दिसते. 2011 साली तिस्तेच्या वेळी त्याच राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांबरोबर ढाक्याला जाण्याचे नाकारले आणि तो करार रखडला.

'सामंजस्य करार' या शब्दाचा अनुभव महाराष्ट्राला निराळा सांगावयास नको. जून 1992 मध्ये एन्रॉनशी दाभोळसाठी झालेला कागद याच सौम्य नावाचा होता. पुढे त्यावर राज्याची हमी व केंद्राची प्रतिहमी चढली आणि 1995 साली राज्य सरकारने प्रकल्पाचा फेरविचार सुरू करताच अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने इशारा दिला. म्हणजे खाजगी कंपनीचा नफा तिच्या देशाच्या परराष्ट्र धोरणाचा विषय झाला. आमच्याकडे मात्र तो कागद संसदेपुढे मंजुरीसाठी येण्याची गरज नव्हती. आपल्या राज्यघटनेनुसार परराष्ट्रांशी होणाऱ्या करारांनाही संसदेची पूर्वसंमती आवश्यक नाही. जुलै 2008 मध्ये अणुकराराच्या वादात लोकसभेत जे मतदान झाले, ते सरकारवरील विश्वासावर होते, करारावर नव्हते.

'अलिप्तता' हा मराठी शब्दच जरा फसवा आहे. त्यातून विरक्त साधूचे चित्र उभे राहते. 1961 च्या बेलग्रेड परिषदेतील राष्ट्रे लष्करी गटांपासून दूर राहिली, पण वसाहतवादाविरुद्ध त्यांनी स्पष्ट बाजू घेतली होती. आज तिच्या जागी 'धोरणात्मक स्वायत्तता' आली आहे. या नव्या शब्दाच्या छायेत अमेरिकेशी 2016 साली लष्करी तळांवरील पुरवठ्याचा, 2018 साली लष्करी दळणवळणाचा आणि 2020 साली नकाशे व उपग्रह माहितीचा करार झाला. स्वायत्तता कोणापासून, हे एकाही निवेदनात सापडत नाही.

गंगा करार 30 वर्षांचा. त्याची मुदत डिसेंबर 2026 पर्यंतची. ऑगस्ट 2024 मध्ये ढाक्यात सत्ता पालटली आणि तेव्हापासून दोन्ही देशांत परस्परद्वेषावर पोसणाऱ्या शक्तींना ऊत आला आहे. पुढील वाटपाची बोलणी ही त्यांची संधी ठरू नये. आमची मागणी एवढीच की नव्या कराराचा मसुदा सहीपूर्वी संसदेत व पश्चिम बंगालच्या विधानसभेत मांडला जावा, दर दहा दिवसांचे प्रवाहाचे आकडे प्रसिद्ध व्हावेत आणि मालदा व मुर्शिदाबाद जिल्ह्यांत ज्यांची घरे-शेते नदीने गिळली, त्यांचे म्हणणे बोलणी सुरू होण्याआधी ऐकून घेतले जावे.