कृत्रिम स्नायूंची वाट पाहावी का?

ओरत्तनाडुहून (जि. तंजावर) एका वाचक भगिनीने लिहिले आहे, की मळणीयंत्रात सापडून धाकट्या दिराचा हात कोपराखाली गेला. प्लॅस्टिकच्या स्नायूंचा हात निघणार असे ते ऐकून आहेत, म्हणून आता दुसरा हात बसवून घ्यायला तयार नाहीत.

ताई, असे स्नायू खरोखरच आहेत. आम्लात आक्रसणारे नि अल्कलीत फुगणारे पॉलिमर कून, कॅचाल्स्की आणि सहकाऱ्यांनी १९५० मध्येच दाखवले होते. पण पाणी आतबाहेर झिरपायला वेळ लागतो, जाड तुकड्याला तर फारच. घास तोंडाशी न्यायचा तर एवढा धीर कुणाला? मग विजेवर आक्रसणारे पॉलिमर आले. २००५ मध्ये सॅन दिएगोला अशा तीन यंत्रबाहूंची एका १७ वर्षांच्या मुलीशी पंजा लढवण्याची स्पर्धा झाली. तिन्ही हरले, सर्वांत चिवट बाहू २६ सेकंद टिकला!

२०१४ मध्ये टेक्सासच्या संशोधकांनी मासेमारीच्या साध्या नायलॉन दोऱ्याला पीळ देऊन स्प्रिंगसारखे वेटोळे केले. तापवताच ते आक्रसते आणि तेवढ्याच लांबी-वजनाच्या मानवी स्नायूच्या १०० पट भार उचलते. मात्र प्रत्येक वेळी ते तापवायचे, पुन्हा निववायचे, आणि त्यात बरीच ऊर्जा वाया जाते.

आज मिळणारे विजेचे हात मोटरवरच चालतात. उरलेल्या स्नायूंतले सूक्ष्म विद्युतसंकेत कातडीवरून टिपून बोटे मिटतात. ते महाग आहेत. साधा, पट्ट्याने ओढायचा हातही पुष्कळ कामे करतो. जखम भरल्यावर जितका उशीर, तितकी एका हाताने सारे उरकायची सवय पक्की होते आणि मग बसवलेला हात खुंटीवरच राहतो. दिरांना याच महिन्यात पुनर्वसन केंद्रात घेऊन जा.