भाटघरच्या पाण्यातला महासागर
ज्यांनी समुद्र अद्याप डोळ्यांनी पाहिलेला नाही, अशा भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांतील विद्यार्थ्यांकडून सागरी प्रवाहांची नावे केवळ नकाशावरील तांबड्या-निळ्या बाणांवरून घोकून घेणे मला अन्यायाचे वाटते. कारण उन्हाळ्यात वेळवंडी नदीवरील भाटघरच्या किंवा आंबी नदीवरील पानशेतच्या जलाशयात पोहताना छातीशी कोमट आणि पायाशी गार लागणारे पाणी जो नियम शिकविते, तोच महासागरातही चालतो. शाई घालून गोठविलेला बर्फाचा खडा काचेच्या पसरट भांड्यातील कोमट पाण्यात एका कडेला सोडावा, म्हणजे निळी रेघ तळ गाठून हळूहळू पलीकडे सरकू लागते. ध्रुवप्रदेशातील शीत, क्षारयुक्त आणि म्हणूनच जड झालेले जल असेच तळाने विषुववृत्ताकडे मार्गस्थ होते. (पृष्ठभागावरील प्रवाहांचा मुख्य कारभार मात्र वाऱ्याकडे असतो, आणि आपल्या अरबी समुद्रात तर मोसमी वारे फिरले की प्रवाहही दिशा पालटतात, हे गुरुजींनी अवश्य सांगावे.) या प्रयोगास ना सरकारी मंजुरी लागते, ना खर्चाची तजवीज. शिवाय न पाहिलेल्या समुद्राशी या मुलांचे नाते त्यांच्या पाण्यानेच जोडलेले आहे: वरंधा घाट उतरताच कोकण लागते, इतका पश्चिम समुद्र निकट असूनही भोरचे पाणी नीरा, भीमा, कृष्णा असा प्रवास करीत बंगालच्या उपसागरास मिळते.