शूज भारी, पाय कच्चे!

पावसाळी ट्रेकचं प्लॅनिंग सुरू झालं ना? मग आधी माझी फजिती ऐका. गेल्या श्रावणात मांजरसुंब्याला मावशीकडे गेले होते. जवळच बालाघाटच्या डोंगरातला कपिलधारचा धबधबा. मी नवेकोरे रनिंग शूज घालून ऐटीत निघाले, मावसभाऊ साध्या रबरी चपलेत. आणि शेवाळलेल्या दगडावरून आपटले कोण? अर्थात मीच! ‘ताई, शूज भारी आहेत गं, पण दगड ओला आहे ना,’ म्हणत त्यानं हात दिला. घोटा आठ दिवस सुजला होता.

त्याच्या पायांना ती वाट पाठ आहे, आपल्या नाही. म्हणून शूज ब्रँड बघून नाही, वाट आणि स्वतःची सवय बघून घ्या. रनिंग शूज डांबरी रस्त्यासाठी. चिखलात खोल खाचांचा सोल हवा, कातळावर पकड घेणारं मऊ रबर. पाठीवर जड सॅक असेल, तर नवख्यांनी घोटा झाकणारे शूज घ्यावेत.

खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. जाड मोजे घालूनच ट्राय करा. अंगठ्यापुढे अर्धा इंच जागा ठेवा, नाहीतर उतरताना नखं बोंबलतात. ट्रेकआधी दोन आठवडे ते रोज वापरा.

आणि शेवाळावर कुठल्याच शूजची गॅरंटी नाही. तिथे ऐट सोडा, हात धरा!