सरकी उगवते, मग वाण का मोडतो?



बीटी कपाशीची सरकी घरची ठेवून पेरली तर उगवते का? हा प्रश्न निघाला नाही अशी बैठक होत नाही. कोणी सांगतो, कंपनीने बियाण्याला कुलूप घातले आहे. कुलूप वगैरे काही नाही, सरकी उगवते. पण पऱ्हाटी एकसारखी निघत नाही, आणि तो दोष बीटीचा नाही, संकराचा आहे. हे दोन शब्द आपण एकात एक कालवून ठेवले आहेत. बियाणे विकणाऱ्याला ते कालवलेलेच बरे.

झाडाच्या प्रत्येक पेशीत त्या वाणाची पोथी असते. ती डीएनएची, चारच अक्षरांत लिहिलेली. ज्वारीची पोथी सुमारे 73 कोटी अक्षरांची. ती वाचून झाल्याचे 2009 साली जाहीर झाले. सबंध पोथी म्हणजे जीनोम. तिचे खंड म्हणजे गुणसूत्रे. ज्वारीत त्यांच्या 10 जोड्या, देशी कपाशीत 13, अमेरिकन कपाशीत 26. आणि एखादे प्रथिन कसे बनवावे हे सांगणारा पोथीतला उतारा म्हणजे जनुक.

बीटी हा मातीतला जिवाणू. अळीच्या आतड्याला भोके पाडणारे प्रथिन बनवण्याचे जनुक त्याच्याकडे आहे. ते कपाशीत न्यायचे तर गाडी हवी. त्या गाडीला वाहक म्हणतात. जिवाणूत मुख्य पोथीखेरीज डीएनएचे छोटे गोल कडे असते, त्याचे नाव प्लाझमिड. कडे कापायचे, हवे ते जनुक जोडायचे, कडे पुन्हा जिवाणूत सोडायचे. जिवाणू वाढतील तशा जनुकाच्या नकला वाढतात. चमचाभर विरजणाने पातेलेभर दही लागते तसे. हेच क्लोनिंग. अमेरिकेत कोहेन आणि बॉयर यांनी ते 1973 साली करून दाखवले. कपाशीत शिरायला अॅग्रोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू कामी आला. हा झाडांना गाठी आणतो, कारण आपल्या प्लाझमिडचा तुकडा तो झाडाच्या पोथीत स्वतःच घुसवतो. शास्त्रज्ञांनी गाठीची जनुके काढून तिथे बीटीचे भरले. चोराच्या गाडीतून आपला माल! अमेरिकेतल्या कोकर 312 या वाणात ते असे गेले आणि तिथून साध्या संकराने आपल्या वाणांत आले. भारतात 2002 साली त्याला मंजुरी मिळाली, दोन जनुकांच्या बियाण्याला 2006 साली.

एकदा बसलेले जनुक इतर जनुकांसारखेच वागते. मालदांडीचे कणीस निवडून ठेवले की पुढच्या वर्षी मालदांडीच येते. संकरित ज्वारीचे ठेवले तर उंच-बुटकी, लवकर-उशिरा अशी खिचडी होते. सरळ वाणात बसवलेले बीटी जनुक घरच्या बियाण्यात टिकले असते. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात बीटी सरळ वाणांतच आहे. आपल्याकडे ते जवळजवळ सगळे संकरितात आले, म्हणजे दरवर्षी दुकानाची पायरी आली.

यात आणखी एक खोट आहे, आणि ती खिशाला जास्त लागते. संकरित झाडाच्या बोंडातली सरकी ही पुढची पिढी असते. दोन्ही जनुके एकाच पालकाकडून आली असतील तर 16 सरक्यांत साधारण 9 मध्ये दोन्ही, 6 मध्ये कुठले तरी एक आणि एकीत एकही नसते. गुलाबी बोंडअळी खाते ती सरकीच. एकाच बोंडात तिला कुठे पूर्ण विष, कुठे अर्धे, कुठे काहीच नाही. अळी विषाला सरावण्याचे हे एक कारण तज्ज्ञ मानतात. दुसरी कारणे आपल्या घरची: बिगरबीटीची 120 ग्रॅमची पुडी बांधावर फेकली आणि उन्हाळ्यापर्यंत फरदड ठेवली. 2017 साली महाराष्ट्रात बोंडे कशी फुटली ते सांगायला नको.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बीटीचे सरळ वाण काढले आहेत. त्यांची सरकी घरी ठेवता येते. पण त्यांत जुने एकच जनुक आहे आणि गुलाबी अळी त्याला केव्हाच सरावली आहे; हिरव्या अळीपुरताच त्याचा भरवसा. म्हणून दुकानात पिशवी हातात घेतली की नुसते 'बीटी आहे का' विचारू नका. संकरित की सरळ, जनुके किती आणि पीक किती दिवसांत निघते, हे तिन्ही विचारा.