शिरस्त्राण दिले, सुरक्षिततेचे काय?

मराठवाड्यात विहीर खणणे म्हणजे पाषाणाशी झुंज घेणे होय. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत काळी माती संपली, मुरूम संपला, की कुदळ-पहार हतबल होतात आणि सुरुंगाचे काम सुरू होते. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे विहिरीची निकड कोणी नाकारणार नाही. प्रश्न आहे तो विहिरीत उतरणाऱ्या मजुराच्या डोक्याचा.

या प्रश्नाला ठेकेदाराकडे आणि सरकारी योजनांकडे एकच ठरलेले उत्तर असते : हेल्मेट दिले आहे. ते द्यायलाच हवे. वरून पडणारा दगड त्याने अडतो, आणि एवढ्याने पुष्कळ जीव वाचतात. परंतु स्फोटाचा धोका केवळ दगडाचा नसतो. स्फोटाबरोबर हवेच्या दाबाची एक लाट सेकंदाच्या अत्यल्प अंशात माणसावरून जाते. तिने कातडी फाटत नाही, रक्तही दिसत नाही. पण कवटीतील मेंदूला इजा होऊ शकते.

हा धडा जगाने युद्धभूमीवर घेतला. १९१४ मध्ये फ्रान्सच्या खंदकांत नेलेले हिंदी सैनिक पोलादी टोपाविनाच लढले. फ्रेंच आणि ब्रिटिश सैन्यांत असे टोप आले ते १९१५ मध्ये, आणि तेही डोक्यावर फुटणाऱ्या तोफगोळ्यांचे तुकडे अडविण्यासाठी. दाबाच्या लाटेसाठी ते टोप घडविलेले नव्हते. पुढे बंदुकीच्या गोळ्यांसाठी अधिक भक्कम शिरस्त्राणे तयार झाली. तरीही २०२० साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी जुनी व नवी शिरस्त्राणे कृत्रिम डोक्यावर चढवून वरून येणाऱ्या स्फोटलाटेखाली तपासली, तेव्हा उघड्या डोक्यापेक्षा प्रत्येक टोप उपयोगी ठरला. पण आधुनिक शिरस्त्राण शंभर वर्षांपूर्वीच्या टोपांहून लक्षणीय सरस ठरले नाही. माथ्यावरचा दाब कमी करण्यात तर माथ्यावर पन्हळीसारखी उंच पट्टी असलेला जुना फ्रेंच टोपच पुढे राहिला.

कारण समजण्याजोगे आहे. लाट केवळ वरून येत नाही. टोप आणि डोके यांमध्ये मोकळी जागा असेल तर ती कडेखालून आत शिरते आणि तेथे दाब वाढूही शकतो. आतील गाद्या ही जागा भरतात, म्हणून त्यांचे महत्त्व मोठे. चेहरा मात्र उघडाच राहतो. राष्ट्रांच्या संरक्षण-अंदाजपत्रकांतून निघालेल्या शिरस्त्राणाची ही मर्यादा असेल, तर मजुराच्या प्लास्टिकच्या टोपाकडून कोणती अपेक्षा करावी? विहिरीत तर पाषाणाच्या भिंती लाट परतवतात. न उडालेला सुरुंग पहारीच्या घावाने फुटला, तर खाली असलेल्या माणसाला मागे सरकायलाही जागा नसते.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. स्फोटापासून रक्षण करते ते प्रथम अंतर. शिरस्त्राण त्यानंतर येते. अंतर राखायला वेळ लागतो, वेळेला मजुरी पडते. टोप मात्र एकदाच विकत घ्यावा लागतो. धोका कमी करण्याचा खर्च टाळून धोक्याची जबाबदारी मजुराच्याच डोक्यावर ठेवण्याचा हा व्यवहार आहे.

दुसरा अन्याय अदृश्य जखमेचा. पहिल्या महायुद्धात स्फोटाने सुन्न झालेल्या ब्रिटिश सैनिकांचीही जखमी आणि आजारी अशी वर्गवारी झाली. जखमीचा मान आणि निवृत्तिवेतनाचा हक्क त्यावर ठरू लागला. आपल्याकडे १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात तुटलेल्या बोटाची टक्केवारी छापली गेली. मेंदूच्या इजेला असा तयार आकडा नव्हता. ती वैद्यकीय दाखल्याने सिद्ध करावी लागे. ज्याचा दाखलाच नाही, तो विसराळू झाला, चिडचिडा झाला, डोकेदुखीने कामाला मुकू लागला, तर गाव त्याला व्यसनी किंवा आळशी ठरवून मोकळे होते.

कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात तीन गोष्टींचा आग्रह धरावा. स्फोटकांच्या नियमांप्रमाणे परवानाधारक माणसानेच सुरुंग उडवावा आणि त्या वेळी सर्व मजूर विहिरीपासून दूर असावेत. उडालेले-न उडालेले सुरुंग त्यानेच मोजून तपासल्याशिवाय कोणी खाली उतरू नये. आणि स्फोटाजवळ सापडलेल्या ज्या मजुराला क्षणभर भोवळ आली, कानात आवाज येऊ लागला किंवा उलटी झाली, त्याची त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लेखी नोंद व्हावी. त्याला भरपगारी विश्रांती मिळावी, कारण न सावरलेल्या मेंदूवर दुसरा आघात अधिक घातक ठरतो.

पाणी सर्वांना हवे आहे. त्याची किंमत एकट्या मजुराने आपल्या मेंदूने चुकवावी, हे कोणत्याही न्यायात बसत नाही.